चांदीचा रुपया निळा पडलाय, घासू का?

प्रश्न : नमस्कार ताई, दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना आजेसासूबाईंच्या लाकडी पेटीत लाल कापडात गुंडाळलेले चांदीचे रुपये सापडले. एकावर सयाजीराव महाराजांचा चेहरा न् मागे संवत १९५१, बाकीचे पंचम जॉर्जचे, १९१८ चे. कडेला निळे-जांभळे झालेत. सासूबाई म्हणतात चिंचेनं घासून देवात ठेवू, नणंदेचा मुलगा म्हणतो असेच विका, भाव जास्त येतो. काय करू? आणि हे आले कुठून ते कळेल का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : आधी सासूबाईंना थांबवा! चिंच नको, पितांबरी नको, सोनाराकडे पॉलिशला तर मुळीच नको. ती घाण नाही हो. हवेतल्या, कापडा-कागदातल्या गंधकानं चांदीवर सल्फाइडचा अगदी पातळ थर चढतो आणि थर जाड होत जाईल तसा रंग बदलतो, आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, फारच जाड झाला की काळा. घासलंत तर तो थर जातोच, वर ओरखडे पडतात ते कायमचे.

रंग आपोआप आलाय का ते बघायला नाणं कडेनं धरून उजेडात तिरकं करा. कडेला निळा, आत जांभळा, मध्याकडे सोनेरी असं हळूहळू उतरत गेलं असेल तर छान. पांढऱ्या चांदीला लागून एकदम गडद निळा पट्टा दिसला तर शंका घ्या, कारण गंधक लावून, तापवून रंग चढवणारेही बाजारात आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो, चांगल्या नाण्याची वाट लावतात. भिंगातून रंगाखाली बारीक रेघा दिसल्या तर ते कधीतरी घासलेलं आहे, त्याला रंगाचा जास्तीचा भाव मिळत नाही.

आता कुठून आले ते. एखाद्यावर चंद्रकोरीसारखा रंग असेल तर ते चळतीत दुसऱ्या नाण्याखाली थोडं सरकून पडलेलं होतं. आणि लक्ष्मीपूजनाचे रुपये दरवर्षी धुतले-पुसले जातात, त्यांच्यावर असा रंग टिकत नाही, तेव्हा हे बहुतेक साठवणीतले. सयाजीरावांचा रुपया आपल्या बडोदा संस्थानाचा, संवतातून ५७ वजा करा, १८९४ च्या सुमाराचा. पंचम जॉर्जच्या मागच्या बाजूला खाली कमळाचं फूल आहे, त्याच्याखाली बारीक ठिपका असेल तर मुंबई टाकसाळ, नसेल तर कलकत्ता. या जॉर्जच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेला असेल तर जरा कमी.

पण टाकसाळीच्या पुढचा माग फक्त घरातली माणसंच सांगू शकतात! पेटी कोणाच्या माहेरची, पैसे पगाराचे की आहेरात आलेले, हे सासूबाईंना आजच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, सोबत पेटीचे न् कापडाचे फोटो. कापड फेकू नका. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, चिकट हिरवट होतात, रबरबँडही नको, त्यात गंधक असतं. आणि नणंदेच्या मुलाला सांगा, शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानं परदेशात पाठवता येत नाहीत, तिकडचं गिऱ्हाईक कितीही देत असलं तरी.