मिस्टर झोपेत कराकरा दात खातात, उपाय काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की जंताचं औषध देऊन पण फरक नाही. आमच्या लातूरकडं पण कुणी झोपेत दात खायलं की पहिलं जंताचंच औषध देतात, पण जंतामुळंच होतं असं काही सिद्ध झालेलं नाही. माझ्या भावाला हेच होतं, दाढांची टोकं घासून पार सपाट झालती, सकाळी ज्वारीची कडक भाकरी चावताना कानापाशी जबडा ठणकायचा. डेंटिस्टनी दातांचं माप घेऊन नाईट गार्ड बनवून दिलं, रात्री दातावर बसवून झोपायचं, पहिले चार दिवस लाळ गळती, नको वाटतं, मग सवय होती. धुताना गार पाणीच घ्या, गरम पाण्यानं त्याचा आकार बिघडतो. पण एक लक्षात ठेवा, गार्डनं दात वाचतात, सवय जातेच असं नाही, म्हणून टेन्शन कमी करणं, संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, दारू बंद हे पण बघावंच लागतं. तुमचे मिस्टर जोरात घोरतात का? झोपेत मध्येच श्वास अडकतो का? तसं असलं तर डॉक्टरला नक्की सांगा, स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार, त्यामुळं पण असं होऊ शकतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण होतं, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. खर्चाची काळजी असेल तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं दाखवा. लेकरं झोपेत दात खात असतील तर बहुतेकदा मोठेपणी आपोआप थांबतं.