आठवीतल्या मुलीला बीजगणित जमत नाही, जादा अभ्यास कुठून सुरू करू?

आठवीच्या पुस्तकापासून तर नकोच. बीजगणितात अडखळणाऱ्या मुलांचं घोडं बऱ्याचदा अपूर्णांकांत किंवा ऋण संख्यांत अडलेलं असतं. तिला १/२ + १/३ करायला द्या. उत्तर २/५ आलं, तर तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. लगेच खोडू नका. २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज कमी कशी झाली, एवढंच विचारा आणि थांबा. हे थांबणं मोठ्यांना फार जड जातं, पण मूल विचार करतं ते तेव्हाच. ५/६ तिचं तिला सापडू द्या.

रोज वीस मिनिटं पुरेत. नव्या गणितांत जुन्या प्रकारची दोन-तीन मिसळत राहा. आणि ‘सोप्पं तर आहे’ असं तिला कधीच म्हणू नका.