अमेरिकेत गर्भपातबंदीचा कायदा सामान्य मतदार मत देऊन बदलू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण मिसुरीत असते, आता तिला तिथे मताचा हक्क मिळालाय आणि गर्भपाताच्या कायद्यावर तिथे लोकांचंच मत घेतात. मग अशा मतदानाने काही बदलतं, की नुसता देखावा असतो?

बदलतं. मी ओहायोत कोलंबसला राहते. २०२३ मध्ये गर्भपाताचा हक्क इथल्या राज्यघटनेत घालायच्या प्रचारात मी सह्या गोळा केल्या, दारोदार फिरले, म्हणून हे ठामपणे सांगते.

२४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं देशभरचं संरक्षण काढून घेतलं आणि विषय राज्यांवर सोडला. ओहायोत त्याच दिवशी सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी लागू झाली. सहा आठवडे म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. कितीतरी जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्या उन्हाळ्यात बलात्कारातून गरोदर राहिलेल्या इथल्या दहा वर्षांच्या मुलीला शेजारच्या इंडियानात न्यावं लागलं. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मी मूळची बेळगावची. सविता हलप्पनवार आमच्याच गावची. २०१२ मध्ये आयर्लंडला तिचा गर्भ वाचणार नाही हे दिसत असूनही गर्भपात नाकारला गेला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. तिथली बंदीही शेवटी २०१८ मध्ये लोकांनीच मत देऊन उठवली.

अमेरिकेत हे सगळ्या राज्यांत जमत नाही. टेक्सासमध्ये नागरिकांना सह्या जमवून असा प्रश्न मतदानाला आणण्याची सोयच नाही. ओहायोत आहे, पण वाट खडतर आहे. आम्हाला ४ लाख १३ हजारांहून जास्त वैध सह्या हव्या होत्या, आणि ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांमधून, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांमधून, ठरलेल्या प्रमाणात. प्रत्येक काउंटीचा कागद वेगळा. शेजारच्या डेलावेअर काउंटीच्या माणसाने आमच्या फ्रँकलिन काउंटीच्या कागदावर सही केली की ती बाद. शनिवारच्या भाजीबाजारात मी आधी "तुमची काउंटी कुठली?" हे विचारायचे, मग पेन पुढे करायचे. सगळ्यांच्या मिळून सात लाखांवर सह्या दिल्या, त्यातल्या सुमारे ४ लाख ९५ हजार टिकल्या.

आणि मग विधिमंडळाने नियमच बदलायला घेतला. आजवर घटनादुरुस्तीला निम्म्याहून जास्त मतं पुरत. ती अट ६० टक्क्यांवर न्यायची, सह्याही सगळ्या ८८ काउंट्यांतून मागायच्या. त्यासाठी भर ऑगस्टमध्ये वेगळं मतदान ठेवलं. लोक सुट्टीवर गेलेले असताना! त्या प्रस्तावाचं नाव होतं 'इश्यू १', आणि लोकांनी तो ५७ टक्क्यांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये आमची घटनादुरुस्ती आली, तिचंही नाव 'इश्यू १'.

हा घोळ किती महागात पडला असता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये एका ओळखीच्या काकूंकडे गेले होते. त्यांनी दारातच सांगितलं, "अगं, लक्षात आहे माझ्या, इश्यू वनला नो." मी त्यांच्या पायरीवरच बसले, नमुना मतपत्रिका काढली आणि म्हटलं, "काकू, ते ऑगस्टचं. या वेळी येस." त्यांना पटेना. चष्मा आणून दोनदा वाचलं. मतपत्रिकेवर आमचा मूळ मजकूर नव्हताच, सरकारी मंडळाने केलेला सारांश होता आणि त्यात 'गर्भ' काढून 'न जन्मलेलं मूल' घातलं होतं. मग मूळ मजकूर दाखवला: गर्भनिरोधन, वंध्यत्वावरचे उपचार, गर्भ पडल्यावरची काळजी, गरोदरपण पुढे नेणं आणि गर्भपात, हे निर्णय ज्याचे त्याने घ्यायचे. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझे दोन गेले होते पोटातच. डॉक्टर लगेच धावले म्हणून मी आहे."

नोव्हेंबरमध्ये आम्ही जवळजवळ ५७ टक्क्यांनी जिंकलो. वर्षभराने फ्लोरिडात तशाच दुरुस्तीला ५७ टक्केच मिळाले आणि ती पडली, कारण तिथे ६० लागतात. तेवढीच मतं, आणि तिथे सहा आठवड्यांची बंदी कायम राहिली. ऑगस्टमधली लढाई हरलो असतो तर आमचंही तेच झालं असतं.

जिंकल्यावर जुना कायदा आपोआप गळून पडत नाही. कोर्टात जावं लागतं. आमचा सहा आठवड्यांचा कायदा न्यायाधीशांनी रद्दबातल ठरवला तो थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आता तुमच्या बहिणीचं. मिसुरीत नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अमेंडमेंट ३' साधारण ५२ टक्क्यांनी मंजूर झाली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत आला. विधिमंडळाने तीच दुरुस्ती रद्द करणारा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ च्या मतदानाला ठेवलाय, आणि त्याचंही नाव 'अमेंडमेंट ३'. तेव्हा 'येस' म्हणजे हक्क मिळणं होतं, या वेळी 'येस' म्हणजे तो जाणं. बहिणीला आजच फोन करा आणि मतपत्रिकेवरचा सारांश नव्हे, पूर्ण मजकूर वाचायला सांगा. तिच्या शेजारी कुणी काकू असतील तर त्यांनाही दाखवायला सांगा.