प्रस्ताव दिल्लीला जाण्याआधी

संशोधन अनुदानांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेच प्रश्न एकाच धाटणीचे होते, ते एकत्र केले.

मी संलग्न महाविद्यालयात रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे, रुजू होऊन दीड वर्ष झालं. योजनांची माहिती मला नेहमी मुदत संपल्यावरच कळते. नेमकं कुठे बघायचं?

आधी जुनी नावं डोक्यातून काढा. स्टाफरूममध्ये अजूनही 'सर्बचा प्रोजेक्ट' असंच म्हणतात, पण सर्ब, म्हणजे केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता स्वतंत्र उरलेलं नाही. २०२३ च्या कायद्याने 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' म्हणजे एएनआरएफ स्थापन झालं आणि सर्ब त्यात विलीन झालं. जुन्या 'कोअर रिसर्च ग्रँट'च्या जागी आता 'अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट' आहे. तुमच्यासारख्या नव्याने लागलेल्यांसाठी 'पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट' आहे. तिला वयाची अट आहे आणि नोकरी नवी असण्याचीही आहे. म्हणून 'आधी दोन पेपर होऊ देत, मग बघू' असं करत बसू नका. पेपर होतील, पण तोवर पात्रता गेलेली असेल.

एएनआरएफच्या पोर्टलशिवाय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं ई-पीएमएस, जैवतंत्रज्ञान विभागाचं ई-प्रोमिस आणि वैद्यकीय विषय असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), इतकं महिन्यातून एकदा चाळलं तरी पुरे. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. स्थानिक प्रश्नाला हात घालणारा उपयोजित विषय असेल तर तिकडे जरूर पाहा. पण माझी खरी युक्ती वेगळी आहे. या वर्षीची जाहिरात शोधण्याआधी गेल्या वर्षीची उतरवून घ्या. तारखा थोड्या मागेपुढे होतात, अर्जाचा नमुना फारसा बदलत नाही. जाहिरात निघेपर्यंत मसुदा तयार असणारा माणूस आणि जाहिरात वाचून कामाला लागणारा माणूस यांच्यात पहिल्याच दिवशी दोन महिन्यांचं अंतर पडलेलं असतं.

आणखी एक, महाविद्यालयाला यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखाली मान्यता आहे का, हे ऑफिसात आजच विचारा. काही योजनांमध्ये गाडी तिथेच अडते. आपलं विद्यापीठ एएनआरएफच्या 'पेअर' योजनेत आहे का, हेही विचारा. त्यात एक मोठी संस्था 'हब' असते आणि इतर विद्यापीठं 'स्पोक' म्हणून तिला जोडलेली असतात. आपल्याच विद्यापीठात असा प्रकल्प चालू असल्याचं ज्यांना ठाऊक नव्हतं, असे प्राध्यापक मला भेटलेले आहेत.

दोनदा प्रस्ताव नाकारला गेला. दोन्ही वेळा शेरा एकच: 'उद्दिष्टे संदिग्ध आहेत.' म्हणजे नक्की काय करायचं?

या वाचक बाईंनी प्रस्तावातलं उद्दिष्ट सोबत पाठवलं, ते फार बरं झालं. ते असं आहे: 'यवतमाळ जिल्ह्यातील भूजलातील फ्लोराइडच्या समस्येचा अभ्यास करणे व त्यावर उपाय सुचविणे.'

विषय उत्तम आहे. यवतमाळमधलं फ्लोराइड हा खरा आणि जुना प्रश्न आहे. पण प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या खुर्चीत बसून हे वाक्य वाचा. 'अभ्यास करणे' म्हणजे किती विहिरी? किती वेळा? 'उपाय सुचविणे' तर ग्रामसभेतही होतं. तज्ज्ञापुढे असे बरेच प्रस्ताव असतात आणि प्रत्येक वाचताना तो मनातल्या मनात एकच गोष्ट तपासतो: तीन वर्षांनी या बाई काम झालं म्हणाल्या, तर ते झालं की नाही हे मी कशावरून ठरवू?

आता हेच असं लिहून पाहा:

'१. केळापूर तालुक्यातील ४० विहिरी व बोअरवेलमधील फ्लोराइडचे प्रमाण सलग दोन वर्षे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजणे आणि १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेपलीकडील स्रोतांचा नकाशा तयार करणे. २. पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) तयार केलेल्या बायोचारची (कोळशाची) फ्लोराइड शोषण्याची क्षमता प्रयोगशाळेत आणि त्याच विहिरींच्या पाण्यावर तपासणे. ३. सर्वांत परिणामकारक नमुना वापरून घरगुती गाळणीचा प्रारूप तयार करणे व तो किती लिटर पाण्यानंतर निकामी होतो हे नोंदवणे.'

आकडे मी उदाहरणादाखल घातले आहेत, ते तुम्ही तुमच्या कुवतीप्रमाणे ठरवा. पण बघा, आता कार्यपद्धती, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ही तिन्ही या तीन वाक्यांतूनच निघतात. ४० स्रोत, वर्षातून दोनदा, दोन वर्षं म्हणजे १६० नमुने. त्यावरून रसायनं किती, प्रवास किती, माणसं किती, हे आपोआप ठरतं. दुसऱ्या उद्दिष्टात 'त्याच विहिरींच्या पाण्यावर' हे शब्द मी मुद्दाम घातले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड मिसळून काढलेले निष्कर्ष खऱ्या पाण्यात ढेपाळतात, कारण तिथे बायकार्बोनेट आणि इतर आयन स्पर्धेला असतात. हे तुम्हाला माहीत आहे, एवढं तज्ज्ञाला दिसलं की त्याची भुवई खाली येते.

आणि प्रस्तावनेतली ती 'पाणी हे जीवन आहे' ने सुरू होणारी दोन पानं कृपया काढून टाका. तज्ज्ञ पाणी पितो, त्याला माहीत आहे.

आमचा विषय इतिहास. सगळी अनुदानं विज्ञानवाल्यांनाच असतात का?

नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेली आयसीएसएसआर सामाजिक शास्त्रांसाठी, १९७२ ची आयसीएचआर इतिहासासाठी, शिवाय तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठातच आहे. रकमा विज्ञानापेक्षा लहान असतात, पण दप्तरखान्यात बसण्याच्या कामाला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. मोडी कागदपत्रांचं काम असेल तर 'वाचणार' एवढंच लिहू नका. कोणते रुमाल (कागदपत्रांची बासनं), कोणत्या दप्तरखान्यातले आणि मोडी वाचणारा माणूस कोण, हे लिहा. विज्ञानाच्या प्रस्तावात उपकरणांची यादी जे काम करते, ते काम इथे या तपशिलाने होतं.

अंदाजपत्रक कमी दाखवलं तर मंजुरीची शक्यता वाढते, हे खरं आहे का?

हा समज कुठून पसरला देव जाणे. कमी दाखवलेलं अंदाजपत्रक बघून तज्ज्ञ खूश होत नाही, त्याला वाटतं की या माणसाने हिशोबच केलेला नाही.

साधं गणित घ्या. तीन वर्षांसाठी एक संशोधन सहायक हवा. जेआरएफचा (कनिष्ठ अधिछात्राचा) सध्याचा दर महिना ३७,००० रुपये, तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्र) झाल्यावर ४२,०००. दोन वर्षांचे ८,८८,००० आणि तिसऱ्याचे ५,०४,००० मिळून १३,९२,००० रुपये झाले. त्यावर शहरानुसार घरभाडे भत्ता वेगळा. मी पाहिलेल्या एका प्रस्तावात या जागेवर 'मनुष्यबळ: ५ लाख' असा गोल आकडा होता. त्या पैशात सहायक वर्षभर टिकतो, मग नेट काढलेला मुलगा दुसरीकडे जातो आणि प्रकल्प प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो.

उपकरणांत जीएसटी विसरू नका. संशोधन संस्थांना पूर्वी ५ टक्के हा सवलतीचा दर होता, तो जुलै २०२२ मध्ये गेला. जुन्या प्रस्तावावरून नवा उतरवून काढणारे इथे हमखास फसतात. १० लाखांचं यंत्र १८ टक्के कर धरून ११ लाख ८० हजारांना पडतं आणि वरचे १ लाख ८० हजार देणारा कुणी नसतो. कोटेशन ताजं घ्या, त्यात कर, वाहतूक आणि जोडणी वेगळी मांडून मागा. 'ओव्हरहेड', म्हणजे संस्थेच्या वरखर्चाची रक्कम, हे शीर्षक संस्थेचं असतं. त्यावर डोळा ठेवू नका, पण अर्जात ते दाखवायलाही विसरू नका, नाहीतर कुलसचिव कार्यालय सहीला उशीर करायला मोकळं!

पैसे आले, पण प्राचार्य म्हणतात की तूर्त मुदत ठेवीत ठेवू, व्याजातून विभागाला प्रिंटर घेऊ. चालेल का?

नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याज भारताच्या संचित निधीत परत भरावं लागतं. प्राचार्यांचा हेतू चांगला असेल, पण त्या प्रिंटरची गोष्ट लेखापरीक्षणात निघेल तेव्हा उत्तर प्रकल्प प्रमुख म्हणून तुम्हाला द्यावं लागेल.

दुसरी भानगड भांडवली (उपकरणं) आणि सर्वसाधारण (रसायनं, काचसामान असा चालू खर्च) या दोन शीर्षकांची. माझ्या पहिल्या प्रकल्पात मी उपकरणांसाठी आलेल्या रकमेतून उरलेल्या पैशांचं काचसामान आणि सॉल्व्हंट घेतलं. पैसे प्रकल्पाचेच, खर्च प्रकल्पावरच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, भरायची वेळ आली तेव्हा लेखा विभागातल्या कारकुनांनी फाइल बंद केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, बीकर म्हणजे यंत्र नव्हे." ती रक्कम शेवटी विद्यापीठाच्या निधीतून भरून काढावी लागली. दुसरा हप्ता सहा महिने अडकला, तेवढे महिने सहायकाचा पगारही. तेव्हापासून मी प्रस्ताव पाठवण्याआधीच अंदाजपत्रकाचं पान घेऊन लेखा विभागात जाऊन बसतो. ३१ मार्चच्या आठवड्यात सोडून, अर्थातच.

मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे. स्वतःच्या नावाने प्रकल्प मागता येईल का?

बहुतेक योजनांत प्रमुख संशोधकाला नियमित नोकरी लागते, त्यामुळे तूर्त नाही. तुमच्यासाठी अधिछात्रवृत्ती आहेत: नेट-जेआरएफ, आणि ज्या त्या प्रवर्गानुसार पुण्यातल्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या. शिक्षणात किंवा करिअरमध्ये खंड पडला असेल तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना पाहा. ती महिलांसाठीच आहे. दरम्यान मार्गदर्शकांच्या पुढच्या प्रस्तावाचं अंदाजपत्रक तुम्ही करून द्या. ते नाही म्हणणार नाहीत.