रोज सकाळी येणारी 'रनडीएलएल'ची चौकट

प्रश्न : म्हापशात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की 'रनडीएलएल' अशी चौकट येते, अमुक मोड्यूल सापडत नाही म्हणते, ओके केलं की जाते पण दुसऱ्या दिवशी परत हजर. फॉरमॅट मारू का?

उत्तर : फॉरमॅट अजिबात नको. बहुतेक वेळा काय होतं, पेनड्राइव्हमधून आलेली खराब फाइल अँटीव्हायरसनं उडवलेली असते पण ती चालवायची नोंद विंडोजमध्ये तशीच राहते, मग ते रोज फाइल शोधतं आणि मिळत नाही म्हणून चौकट दाखवतं. आधी चौकटीतल्या फाइलच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये ते नाव आहे का बघा, असेल तर तिथेच डिसेबल करा, तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचं फुकट 'ऑटोरन्स' (विंडोजबरोबर काय काय आपोआप सुरू होतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यांच्याच साइटवरून घ्या नि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. फाइल गायब असलेल्या नोंदी त्यात पिवळ्या दिसतात. पिवळं दिसेल ते सगळं उडवू नका हं, फोटोतल्या नावाशी जुळेल तेवढीच नोंद अनटिक करा आणि रीस्टार्ट करून बघा. आणि फुल स्कॅन आजच लावा, लोकांची आधार कार्डं त्याच मशीनवर उघडतात ना!