अँजिओप्लास्टी झालेल्या वडिलांना केल्प पावडर द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील साठीच्या पुढचे, अँजिओप्लास्टी झालेली, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू. जपानी लोक समुद्री शेवाळ खातात म्हणून त्यांना हृदयविकार कमी, असं ऐकून तुम्ही केल्प पावडर मागवली आणि रोज चमचाभर ताकातून द्यायचं ठरवलंय.

तो डबा फोडू नका. शेवाळ खायला हरकत नाही, पण कुठलं शेवाळ, यावर सगळं आहे. मुद्दा आयोडीनचा आहे.

केल्प म्हणजे कोंबूच्या (जपानी सूपमध्ये वापरतात त्या शेवाळाच्या) कुळातलं जाड, तपकिरी शेवाळ. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन असू शकतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ११००. म्हणजे चमचा राहू द्या, अर्ध्या चिमटीतच दिवसाचा कोटा ओलांडला जातो. त्यात आपल्या घरातलं मीठ आयोडीनयुक्तच असतं, त्यामुळे कमतरता भरून काढण्याचाही प्रश्न नाही. जास्तीचं आयोडीन थायरॉइड बिघडवतं, आणि ते दोन्ही बाजूंनी हृदयाच्या मुळावर येतं. थायरॉइड मंदावली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं. बेफाम झाली तर ठोके वाढतात आणि एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची लय बिघडणं) होऊ शकतं. वय जास्त आणि गळ्यात जुन्या गाठी असतील तर हा दुसरा धोका अधिक. ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल तर केल्पचं नावच काढू नका, त्या गोळीतच आयोडीनचा मोठा साठा असतो.

जपानबद्दल ऐकलंत त्याला आधार आहे, पण बेताचा. तिथल्या ८६ हजारांहून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीत, जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांमध्ये इस्केमिक हृदयरोग (हृदयाला रक्तपुरवठा कमी पडण्याचा विकार) कमी आढळला. पक्षाघातात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. ही निरीक्षणं आहेत, औषधाची चाचणी नव्हे. शेवाळ खाणारा माणूस मासे, सोयाबीन, भाज्याही खातो. त्यामुळे कोलेस्टेरॉलची (स्टॅटिनची) गोळी आहे तशीच चालू राहील.

आता द्यायचं काय? नोरी. सुशीला गुंडाळतात तो काळपट हिरवा कागदासारखा पापुद्रा. एक मोठा पापुद्रा साधारण ३ ग्रॅमचा, आणि कोंबूच्या तुलनेत आयोडीन फारच कमी. आठवड्यातून तीन-चार वेळा, एका वेळी अर्धा ते एक पापुद्रा पुरे. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी काही सेकंद फिरवायचा. रंग हिरवा उजळला की उतरवा, पुढे गेला की कडवट होतो. मग हाताने चुरून वरणभातावर किंवा पिठल्यावर टाका. तेल-मीठ लावलेली कोरियन पाकिटं चवीला झकास, पण रक्तदाबवाल्याला साधी, बिनमिठाचीच आणा. मऊ पडलेली नोरी पुन्हा तव्यावर धरली तर कुरकुरीत होते. जांभळट होऊन तिचा वास बदलला असेल तर टाकून द्या.

दुसरा पर्याय वाकामे, सूप-कोशिंबिरीत घालतात ते मऊ शेवाळ. इथे हमखास चूक होते ती मापाची. सुकं वाकामे बघून एवढंसं काय, म्हणत लोक मूठभर टाकतात आणि पातेलं भरून वर येतं; भिजल्यावर ते दहापट फुगतं. माणशी १ ते २ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा. थंड पाण्यात पाच मिनिटं भिजवा, ते पाणी फेका (मीठ आणि थोडं आयोडीन त्यासोबत जातं), घट्ट पिळा, चिरा. काकडीच्या कोशिंबिरीत लिंबू आणि भाजलेल्या तिळाच्या कुटाबरोबर छान लागतं, वर मीठ घालायची गरज पडत नाही. जास्त वेळ भिजवलं की बुळबुळीत होतं आणि मग घरात कोणी तोंड लावत नाही. आठवड्यातून एक-दोनदा बस्स. मिठात मुरवलेलं वाकामे मिळालं तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) सूपमधून देणार असाल तर लक्षात ठेवा, मोठा चमचाभर मिसोत सुमारे २ ग्रॅम मीठ असतं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम.

हिजिकी, म्हणजे काळ्या काड्यांसारखं शेवाळ, घेऊच नका. त्यात अकार्बनी आर्सेनिक जास्त असतं, ब्रिटन आणि कॅनडाच्या अन्नसुरक्षा यंत्रणांनी ते न खाण्याचा सल्ला दिलेला आहे. स्पिरुलिना हे समुद्री शेवाळच नव्हे, तो विषय वेगळा.

औषधांचं बोलायचं तर 'रक्त पातळ करणारी गोळी' या एका नावाखाली बराच गोंधळ असतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असतील तर शेवाळातल्या व्हिटॅमिन के चा अडथळा नाही. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल असेल (झडप बदललेल्यांना बहुधा असते) तर व्हिटॅमिन के त्या गोळीचा असर कमी करतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. खायचं ठरलं तर प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करून घ्या. मूत्रपिंडं कमजोर असून टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियमचा हिशोबही डॉक्टरांकडूनच करून घ्या. थायरॉइडचा कुठलाही इतिहास असेल तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी.

कोणी सुचवेल की केल्प उकळून घेतलं की आयोडीन निघून जातं. जातं खरं, पण ते पाण्यात उतरतं. तेच पाणी सूप म्हणून प्यायलं तर हाती काही लागलं नाही. डबा परत जात असेल तर परत करा.