दिवसाआड गोळी

बाळा,

स्ट्रिप महिनाभर पुरावी म्हणून तू गोळी दिवसाआड घेतेस, हे वाचून आधी रागच आला. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो, ही काटकसर पुष्कळ पाहिली. नैराश्याच्या गोळीत असे खाडे पडले की चक्कर येते, मळमळतं, झोपेचा बट्ट्याबोळ होतो. आजार उलटतो तो वेगळाच. डॉक्टरांना हे आधी सांग. पैसे दुसरीकडून वाचवू.

तू पाठवलेली डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर ब्रँडचं नाव आहे, पण त्या गोळीत नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम आणि घालमेल शमवणारं क्लोनाझेपाम अशी दोन औषधं आहेत. अक्षरशः जोडगोळी! नुसतं एस्सिटालोप्राम २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून सरकारनं त्याची कमाल किंमत बांधून दिलीय. ही जोडगोळी त्या यादीत नाही. शिवाय क्लोनाझेपामची सवय लागते; ते बहुधा सुरुवातीची घालमेल शमवायला देतात आणि मग चिठ्ठीमागून चिठ्ठी तसंच चालू राहतं. ‘ते मला अजून लागतं का?’ असं विचार. स्वतःहून बंद मात्र करू नकोस, तेही हळूहळूच उतरवावं लागतं.

पैशाची अडचण डॉक्टरांपुढे बोलायला लाजू नकोस. औषधाचं मूळ नाव लिहून माग, कारण चिठ्ठीवर ब्रँड असला तर दुकानदाराला परस्पर दुसरा देता येत नाही. मग जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, गाठ. तिथे किंमत बऱ्याचदा निम्म्याहून खाली येते, फक्त माल आहे का ते आधी फोन करून विचार. साध्या दुकानातल्या ‘जेनेरिक’ला भुलू नकोस. त्या पाकिटावर कधीकधी ब्रँडच्या तोडीची एमआरपी छापलेली असते आणि दुकानदाराला ते कवडीमोलानं पडलेलं असतं. तो नफा मीही खाल्लाय, म्हणून सांगतो. तिथे घासाघीस कर.

तेही जड जात असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांचे पैसे घेत नाहीत. रांग मोठी असते, डबा घेऊन जा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ वर फोन कर, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

आणि दुकानात चारच गोळ्या कापून घेतल्यास, तर ज्या तुकड्यावर मुदत छापलीय तो मागून घे. कात्री नेहमी दुसऱ्या टोकाकडून चालते.

नवी चिठ्ठी मिळाली की फोटो पाठव.

काका